देवीने नापास केलेला नकाशा

संपादकांचा फोन आला तेव्हा मी आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे हात घालून दिव्याचं बटण चाचपत होतो. “राहायला बरं वाटेल असं घर कसं असावं, यावर तुमच्या अनुभवातून काहीतरी लिहा,” ते म्हणाले. मी ताबडतोब हो म्हटलं आणि विद्याला, म्हणजे माझ्या बायकोला, ऐटीत बातमी दिली. ती म्हणाली, “छान. त्यात ह्या बटणाचंही लिहा.” आमच्या घराचा नकाशा मीच काढलेला आहे. दार उघडलं की बटण दारामागे जातं, हे मला घर बांधून झाल्यावर एकदा कळलं. तिला ते रोज कळतं.

असो. दिव्याखालच्या अंधाराची नोंद झाली, आता धंद्याचं बोलू.

रत्नागिरीत बसून मी छत्तीस वर्षं लोकांच्या घरांचे नकाशे काढले. मी पदवीवाला आर्किटेक्ट नव्हे, सिव्हिलचा डिप्लोमावाला. पण गावाकडे हा फरक कोणी मोजत नाही. ज्याच्याकडे उतरतं टेबल, लांब पट्टी आणि कानावर पेन्सिल, तो साहेब. पुढे टेबल गेलं, कॉम्प्युटर आला, पेन्सिल मात्र सवयीने कानावर राहिली.

बाहेरच्या माणसाला वाटतं, नकाशा काढणं म्हणजे रेघा मारणं. रेघा कोणीही मारतो. खरी मेख अशी की कागदावरची खोली दहा बाय बारा असते, पण तिच्यात पलंग टाकला, कपाट ठेवलं, की चालायला दीड फुटाची वाट उरते आणि माणसाचं आयुष्य त्या दीड फुटात जातं. गिऱ्हाईक विचारतं, “खोली केवढी?” त्याने विचारायला हवं, “वाट केवढी?” त्यात आमचा कोकणचा पाऊस. जांभ्या दगडाच्या भिंती, वर स्लॅब, आणि स्लॅब गळते म्हणून स्लॅबच्या वर पुन्हा पत्र्याचं छप्पर. घाटावरून आलेल्या पाहुण्यांना हे छत्रीवर छत्री धरल्यासारखं वाटतं. एक पावसाळा राहिले की त्यांचं हसू थांबतं. शहाणा झाल्यावर मी गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारायचो तो हाच, “चार महिने कपडे कुठे वाळत घालणार?” नवरा गप्प बसायचा आणि बायको नवऱ्याकडे बघायची. त्या बघण्यावरून मला कळायचं की पुढचं बोलणं कोणाशी करायचं आहे.

पण हे शहाणपण उशिराचं. सुरुवातीला मी स्वतःला फार मोठा कलावंत समजत असे.

त्या काळातलं माझं एक गाजलेलं काम वेळणेश्वरला आहे. एका निवृत्त पोस्टमास्तरांचं घर, जागा उंचावर, समोर अथांग समुद्र. मी पश्चिमेची अख्खी भिंत काचेची केली. पोस्टमास्तर घाबरत म्हणाले, “एवढी काच कशाला हो?” मी म्हटलं, “काका, हा देखावा बघायला लोक मुंबईहून येतात. तुम्हाला घरबसल्या मिळतोय.” बिचाऱ्यांनी मान डोलावली. वर्षभराने सहज डोकावलो, तर काचेवर बाहेरून नारळाची झापं बांधलेली. बिजागऱ्या खाऱ्या वाऱ्याने गंजून लाल. आणि पोस्टमास्तर मागच्या बाजूला, न्हाणीघराच्या पायरीवर उलट्या बालदीवर बसलेले, समुद्राकडे पाठ करून. तिथून रस्ता दिसत होता.

“काका, इथे का बसलात?” मी विचारलं.

“समुद्र काय, तो आहेच रोज,” ते म्हणाले. “जन्मभर लोकांची पत्रं वाटली. आता कोण कुठे चाललाय तेवढं तरी दिसू दे की.”

मी त्यांच्यासाठी पूर्वेला एक छोटा ओटा काढून दिला. ते जाईपर्यंत त्या ओट्यावर बसले. काचेची भिंत हल्ली त्यांची नातवंडं फोटो काढायला वापरतात, म्हणजे अगदीच फुकट गेली असं नाही.

तेव्हा मला वाटलं, चला, धडा मिळाला, आता आपण तयार झालो. माणूस तयार झाला असं स्वतःला वाटलं की देव त्याच्याकडे नवीन गिऱ्हाईक पाठवतो. माझ्याकडे प्रकाशला पाठवलं.

ह्या गोष्टीला चौदा-पंधरा वर्षं झाली असतील. खेडच्या स्टँडवरून एस.टी.ने तासभर आत गेलं की एक वाडी लागते, तिथला हा प्रकाश (नावं बदलली आहेत, कारण पुढे कळेल). मुंबईला एका कारखान्यात फोरमन, तोंडाने भरभर बोलणारा, मनाने सरळ. दोघे धाकटे भाऊही मुंबईलाच. सगळ्यांत थोरला वारलेला. त्याची बायको, शेवंतीवहिनी, गावचं घर, भातशेती आणि दोन गुरं एकटी सांभाळून होती. तेव्हा त्या पंचावन्न-साठच्या असतील. जुनं मातीचं घर पाडून त्या जागी पक्कं बांधायचं तिघा भावांनी ठरवलं होतं.

प्रकाशने चौकटीच्या वहीच्या कागदावर स्वतःच नकाशा काढून आणला होता. तीन भावांना तीन बेडरूम, प्रत्येकीला आतच संडास-बाथरूम, आणि पुढे भला मोठा हॉल.

“हॉल एवढा कशाला?” मी विचारलं.

“गणपतीला, साहेब! आमच्याकडे पाच दिवस चाळीस माणूस असतंय. भजन आमच्या घरात, आरती आमच्या घरात. हॉल कसा एकदम कडक पाहिजे.”

“आणि वहिनी कुठे राहणार?”

“किचनच्या बाजूला खोली हाय की तिला. टेन्शन नका घेऊ. वयनी कशाला नाय म्हणत नाय.”

मला हॉल आवडला. खरं सांगायचं तर फारच आवडला. चोवीस फूट लांब, मध्ये एकही खांब नाही, असं काम आमच्या भागात रोज कुठे मिळतं! तीन बाथरूम बसवायला मागची भिंत पुरी वापरली. त्यामुळे मागचं दार गेलं. मागे दरड असल्याने घर मागे सरकवता येत नव्हतं. म्हणून मागची पडवीही गेली. आमच्याकडे घराला पुढे एक आणि मागे एक अशी दोन तोंडं असतात. पुढचं तोंड पाहुण्यांसाठी, मागचं घरातल्या कामासाठी. हे मला माहीत नव्हतं का? मी रत्नागिरीतच जन्मलो. पण त्या दिवशी मला चोवीस फुटांपलीकडचं काही दिसत नव्हतं.

नकाशा घेऊन मी वाडीवर गेलो. वहिनींनी चहा दिला, सोबत तांदळाची बोरं दिली. मी खळ्यात, म्हणजे सारवलेल्या अंगणात, नकाशा पसरला आणि बोट फिरवत सांगितलं, इथे हॉल, इथे बेडरूम, हे तुमचं किचन, हा उभ्याने स्वयंपाकाचा ओटा, वर गॅस. त्या पदर सावरून वाकल्या आणि अदबीने बघत राहिल्या.

“कसं वाटतंय, वहिनी?” मी विचारलं.

“बरा वाटतंय,” त्या म्हणाल्या. “तुमाला बरा दिसंल तसा करा.”

मी खूश होऊन नकाशाची गुंडाळी केली. ह्या एका वाक्याचा अर्थ कळायला मला पुढे किती वर्षं लागणार होती, याची तेव्हा कल्पना नव्हती.

पाया खणायच्या आधी एक गोष्ट राहिली होती, ती म्हणजे देवीचा कौल. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. छपरावरच्या कौलांशी याचा संबंध नाही. हा देवाचा होकार-नकार. गावच्या देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंना फुलांच्या ओल्या पाकळ्या चिकटवतात, गुरव आपल्या वतीने गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे श्वास धरून बघत बसतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर हो. डावीकडची पडली तर नाही. लग्न असो, विहीर असो, घर असो, देवीला विचारल्याशिवाय त्या वाडीत कोणी कुदळ मारत नाही. प्रकाशने मुंबईहून फोनवर वहिनींना सांगितलं, जाऊन कौल लावून ये.

आठवड्याने त्याचा मला फोन. आवाज पडलेला.

“साहेब, लफडा झाला. कौल डावा आला.”

“म्हणजे? घर बांधायचं नाही?”

“घर बांधा म्हणते देवी. नकाशा नको म्हणते. मागचं दार नाय म्हणून.”

मी मोठ्याने हसलो. तोवर माझे कितीतरी नकाशे ग्रामपंचायतीत, तहसिलात, बँकेत गेले होते. कुठल्याही साहेबाने शिक्का मारण्यापलीकडे त्यात डोकं घातलं नव्हतं. आणि इथे देवीने मागचं दार नाही हे पकडलं!

“देवीला नकाशा वाचता येतो का रे?” मी विचारलं.

“साहेब, मस्करी नको,” प्रकाश गंभीरपणे म्हणाला. “देवीच्या पुढं आमी जात नाय.”

एका बेडरूमचं बाथरूम काढलं आणि तिथे मागचं दार बसवलं. माझा चेहरा लांब झालेला बघून विद्याने कारण विचारलं. मी सांगितल्यावर ती म्हणाली, “बरोबर आहे तिचं. ओला केर, मासळीचं पाणी, शेणाची पाटी, सगळं काय त्या चोवीस फुटी हॉलमधून मिरवत न्यायचं?”

“अगं, पण देवीला कसं कळलं?”

“देवी बाईमाणूसच आहे हो,” विद्या म्हणाली आणि भाजी चिरायला लागली.

दुसरा नकाशा गेला. पुन्हा डावा कौल. आता देवीला मागच्या बाजूला पडवी हवी होती, तीही सहा हात रुंद. मी चक्रावलो. डावं-उजवं म्हणजे नुसतं हो किंवा नाही. त्यातून सहा हात कसे निघाले? प्रकाशकडे उत्तर तयार होतं.

“वयनी येकेक इचारत जाते ना, साहेब. चार हात चालंल? डावा. पाच? डावा. सहा? उजवा.”

पण पडवी काढायची तर दरडीमुळे घर पुढे सरकणार, आणि घर पुढे सरकलं तर पुढचं खळं राखायला हॉल चार फुटांनी कमी होणार. माझ्या चोवीस फुटांचे वीस! मी प्रकाशला फोनवर बराच वेळ पटवलं. हॉल म्हणजे घराची शान, भजनाला माणसं कुठे बसणार, आणखी एकदा कौल लावून बघा. तोही कासावीस झाला होता. हॉल त्याच्याही जिवाचा होता. धाकटे भाऊ तर म्हणाले, राहू दे ते घर, मुंबईतच कुठेतरी जागा बघू. दोन महिने सगळं ठप्प झालं. वहिनी मोडक्या घरात ताडपत्री बांधून राहत होत्या. हे घर होणार की नाही, आता हाच प्रश्न होता.

शेवटी प्रकाशच म्हणाला, “साहेब, देवीला नाय म्हणून आमी त्या घरात गणपती कसा बसवायचा? कापा चार फूट.”

मी कापले. स्वतःचं बोट कापल्यासारखे कापले.

तिसऱ्या खेपेला देवीची मागणी बारीक होती. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात खाली चुलीला जागा ठेवा आणि तिथे खिडकी काढा. बसल्या जागेवरून पाणंद, म्हणजे घराकडे येणारी पायवाट, दिसली पाहिजे. एवढ्यावर सुटका होतेय म्हणून मी मुकाट्याने खिडकी काढली. चौथ्या खेपेला कौल उजवा आला. माझा नकाशा एकदाचा पास झाला. बोर्डाच्या परीक्षेतसुद्धा मला इतक्या वाऱ्या कराव्या लागल्या नव्हत्या.

घर उभं राहिलं. पहिल्या गणपतीला प्रकाशने आग्रहाने बोलावलं. विद्याला घेऊन गेलो. हॉलमध्ये मखर सुरेख सजवलेलं, आरती दणक्यात झाली. आरती संपली, प्रसाद वाटला, आणि बघता बघता हॉल रिकामा झाला. गणपती एकटा, समोर समई, आणि एक म्हातारे आजोबा भिंतीला टेकून डुलक्या घेणारे. एवढी माणसं गेली कुठे म्हणून मी मागे गेलो.

अख्खं घर मागच्या पडवीत होतं. एका बाजूला बायका गोल करून नारळ खवत होत्या, त्यांच्या मध्ये विद्या कधीच जाऊन बसली होती. भजनाची मंडळी मृदंग तिथेच घेऊन आलेली. धाकट्या भावांची बाळं दोन खांबांना बांधलेल्या झोळ्यांत झोपलेली. पागोळ्या पलीकडे गळत होत्या, पण आत थेंब येत नव्हता. सहा हातांऐवजी पाच हात असती, तर झड आतपर्यंत आली असती. हे मी मनातल्या मनात मोजलं आणि देवीला हात जोडले. वर तारेवर चाळीस माणसांचे ओले कपडे वाळत होते.

प्रकाश चटईवर आडवा झाला होता. मला बघून उठून बसला. “साहेब, काय पडवी काढलीत! सगळे इचारतात, कोणाची आयडिया म्हणून.”

मी नुसता हसलो. ‘माझी नाही’ एवढं म्हणायला तोंड उघडायला हवं होतं. पण तेवढ्यात वहिनींनी घावण्याची ताटली पुढे केली आणि मी तोंड घावण्यासाठी उघडलं.

“काय वहिनी, घर कसं वाटतंय?” मी विचारलं.

“बरा वाटतंय, सायेब,” त्या म्हणाल्या.

त्यानंतरच्या माझ्या प्रत्येक नकाशात मागची पडवी आली. सहा हात, ना कमी ना जास्त. डॉक्टर असो, हॉटेलवाला असो, मी ऐकून घेत नसे. हेदवीच्या एका गिऱ्हाइकाने पडवी नको म्हटलं तेव्हा मी त्याचं काम सोडायला निघालो होतो. तो वर्षभराने पेढे घेऊन आला. लोक मला पडवीवाले म्हणायला लागले. एका कॉलेजात पोरांसमोर भाषण केलं, ‘वापरणाऱ्याच्या गरजेतून नकाशा कसा फुलतो’ असला काहीतरी विषय होता. देवीचा किस्सा रंगवून सांगितला, पोरं हसली. आपल्याला देवीकडूनच पडवीची विद्या मिळाली असं मी सांगत असे, आणि त्यात थोडी ऐट असे की आम्ही काही साधे नव्हे, आमचा गुरू थेट गाभाऱ्यातला.

ह्या वर्षी मे महिन्यात खेडला एका लग्नाला गेलो होतो. विद्या म्हणाली, इतकं आलोच आहोत तर शेवंतीवहिनींना भेटून येऊ. दुपार कलताना पोहोचलो. पुढचं दार बंद. हे दार बंदच असतं हे ठाऊक असल्याने सरळ मागे गेलो. वहिनी पडवीत रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडत बसल्या होत्या. हात कोपरापर्यंत लाल. आता सत्तरी ओलांडलेली, पण बसणं ताठ. मुंबईची मंडळी गणपतीला येतात तेवढीच, बाकी वर्षभर घरात त्या एकट्या. आम्हाला बघून खूप आनंदल्या. कोकमाचं सरबत झालं. विद्याने न सांगताच सुरी घेतली आणि रातांबे फोडायला बसली.

मी खांबाला टेकलो. वारा मस्त लागत होता. म्हटलं, “वहिनी, तुमच्या देवीचे माझ्यावर फार उपकार आहेत बघा. तिने तीनदा नापास केलं म्हणून मी शहाणा झालो. ह्या पडवीने माझं नाव झालं.”

वहिनी हसल्या. मग हसणं थांबवून त्यांनी एकदा विद्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

“सायेब, आता माजा वय झाला. तुमाला येक सांगू काय? परकाशला सांगू नुको.”

“नाही सांगत.”

“मी तो नकाशा देवीपुढं कदी नेलाच न्हाय.”

मी सरळ होऊन बसलो. “पण कौल? तीनदा डावा आला तो?”

“कौल लावला व्हता. पन येकदाच.” त्यांनी पदराने कपाळ पुसलं. “तुमी नकाशा दावून गेलाव ना, त्या रातीला मला झोप न्हाय. घर त्यांचा, बांधनार ते, मी काय म्हनून बोलायचा? त्यांनी मला कदी वायट वागवला न्हाय. पन त्या घरात मी बसायचा कुटं, तेच मला दिसंना. सकाळी उठलंय आनि देवळात गेलंय. गुरवाला म्हटला, गाऱ्हाना मी मनात घालतंय, तू पाकळ्या लाव. आनि देवीला इचारला, बाय, माज्या मनात हाय ता तुजा नाव घेऊन सांगू काय? तुजा नाव घेतला तरच आयकतील.”

“मग?”

“माजा बोलना पुरा व्हायच्या आदी उजवी पाकळी पडली.”

विद्याच्या हातातली सुरी थांबली होती. चाळीस माणसांची पडवी, सहा हातांचा हिशेब, झडीचा अंदाज, माझं नाव, कॉलेजातलं भाषण, सगळं ह्या बाईचं. ती तिथेच होती, खळ्यात, माझ्या नकाशावर वाकून. मला लाज वाटली, आणि ती लपवायला मी जरा चिडून बोललो.

“वहिनी, अहो, मग मलाच का नाही सांगितलंत? मी समोर बसलो होतो. मी विचारलंसुद्धा.”

“तुमी कुटं इचारलंव?” त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. “तुमी म्हनालाव, कसा वाटतंय. दाराशी आलेल्या मानसाला कोन वायट म्हनतंय? मी म्हटला, बरा वाटतंय.”

विद्या हसू दाबायला खाली बघू लागली. खरंच, छत्तीस वर्षं मी नकाशा पुढे धरून ‘कसं वाटतंय’ असंच विचारत आलो. तो प्रश्न नव्हताच, टाळ्या मिळाव्यात म्हणून पुढे केलेला हात होता. तू सकाळी उठल्यावर पहिल्यांदा कुठे जातेस, कुठे बसतेस, कोणाची वाट बघतेस, हे मी किती घरांत विचारलं असेल? पोस्टमास्तरांना नाही विचारलं. विद्याला तर नाहीच.

थोड्या वेळाने मी हलकेच म्हटलं, “वहिनी, आता विचारतो. ह्या घरात अजून काही राहिलंय का? काही खुपतं का?”

त्यांनी दोन रातांबे फोडले, बिया एका बाजूला, सालं एका बाजूला. मग म्हणाल्या, “ऱ्हायलाय की. ती चुलीकडची खिडकी.”

“खिडकीला काय झालं?”

“बसून बगा.”

मी आत गेलो. गॅसच्या ओट्यावर भांडी पालथी घातलेली, आणि खाली कोपऱ्यात चूल, निखारे अजून लाल. चुलीसमोर एकावर एक तीन पाट रचलेले होते. वरचे दोन बाजूला काढून मी एका पाटावर मांडी घालून बसलो. खिडकीतून आभाळ दिसलं आणि एका माडाचा शेंडा. पाणंद कुठे दिसेना. मग मला आठवलं, खिडकीची उंची ठरवताना मी ऑफिसात ‘बसल्या जागेवरून’ म्हणजे खुर्चीत बसून टेपने मोजली होती. जमिनीवर बसणारं माणूस माझ्या डोळ्यांपुढे आलंच नव्हतं. वीतभर चूक होती, भिंतीतल्या जांभ्या चिऱ्याच्या एका थराएवढी. मी पाट पुन्हा रचले, चढून बसलो, तेव्हा पाणंद दिसली.

“इतकी वर्षं तुम्ही पाटावर पाट ठेवून भाकऱ्या भाजताय?” मी आतूनच ओरडलो.

“मग काय करनार!”

“अहो, तेव्हा सांगायचंत की, कौल डावा आला म्हणून!”

“तीनदा सांगला ना,” बाहेरून आवाज आला. “येवढ्या वीतभरासाटी परत देवीला कुटं तरास देऊ?”

यावर विद्या इतकी हसली की तिला ठसका लागला.

आठ दिवसांनी मी खेडहून गवंडी घेऊन गेलो. माझं निवृत्तीनंतरचं हे एकमेव काम. त्याने खिडकी काढली, खालचा चिऱ्याचा थर उतरवला, खिडकी खाली बसवली, कडा सिमेंटने भरून घेतल्या. दुपारपर्यंत आटोपलं. मी तीनही पाट उचलले, दोन भिंतीला लावून ठेवले आणि एक चुलीपुढे मांडला. वहिनी बसल्या. पदर सारखा केला, चुलीत एक लाकूड सारलं आणि मान वर केली. पाणंदीतून त्यांची म्हैस एकटीच घराकडे येत होती. त्या तिच्याकडे बघत राहिल्या, म्हैस गोठ्याशी पोहोचेपर्यंत.

“काय वहिनी,” मी गमतीने म्हटलं, “देवीला न विचारताच काम केलं. चालेल ना तिला?”

वहिनींनी खिडकीतून नजर काढली नाही.

“तिला कशाला इचारायचा?” त्या म्हणाल्या. “ह्या बारीला तुमी मला इचारलंव ना.”